"सर, टॉपिक सांगा ना" म्हणणाऱ्यांसाठी : नेट-सेटपासून गाईडशिपपर्यंत, एका इतिहासवाल्याचा हिशोब

दर वर्षी एमएचा रिझल्ट लागला की माझा फोन सुरू होतो. "सर, पीएचडी करायचीय, एखादा चांगला टॉपिक सांगा ना." मी आधी एकच विचारतो, तुमच्या घरून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा अंतरावर कुठले जुने कागद आहेत? समोरचा गप्प होतो. बऱ्याच जणांना वाटतं मी टाळतोय, पण माझी स्वतःची पीएचडी याच प्रश्नावर तगलीय, म्हणून हा लेख.

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवतो, आधी काही वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे) काढली. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते जास्त करून इतिहास, मराठी, समाजशास्त्र वगैरे वाल्यांना लागू पडेल. सायन्सवाल्यांचं लॅब, सीएसआयआर नेट हे गणित वेगळं, त्यात मी नाक खुपसत नाही.

आधी नेट-सेट, पीएचडीच्या आधी

"आधी पीएचडी करतो, नेटचं बघू नंतर" हा विचार डोक्यातून काढा. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी किमान पात्रता नेट (देशपातळीवरची परीक्षा), सेट किंवा स्लेट (राज्य पातळीवरच्या) अशीच आहे, पीएचडी त्या पदाला ऐच्छिक झालीय. मधल्या काळात युनिव्हर्सिटीतल्या डिपार्टमेंटला पीएचडी सक्तीची होणार म्हणून जी धावपळ झाली होती ती आता राहिली नाही. पण त्याच्या वरचं असोसिएट प्रोफेसर व्हायचं असेल तर पीएचडी लागतेच, म्हणजे कधी ना कधी करायचीच आहे, फक्त क्रम नीट लावा.

नेट वर्षातून दोनदा असते. पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा विषयाचा १०० प्रश्न २०० मार्क, सलग तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. २०२४ पासून नेटचा रिझल्ट तीन गटांत लागतो : जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप), मग नुसतं असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, आणि शेवटी फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन गटांत आलात तर ते मार्क पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि तिथे नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. जेआरएफला मात्र वयाची अट आहे, खुल्या गटाला ३० वर्षं, महिला आणि मागासवर्गीयांना सवलत. पैशाच्या दृष्टीने जेआरएफसारखं सुख नाही, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (त्याच्या वरची सीनिअर फेलोशिप) झाल्यावर ४२,०००.

सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीसाठी. पॅटर्न जवळजवळ तोच, मराठीतूनही देता येते आणि वयाची अट नाही. पण सेट फक्त या दोन राज्यांत चालते, कर्नाटकात किंवा दिल्लीला अर्ज करायचा असेल तर नेटच हवी. कॉलेजांच्या शॉर्टलिस्टिंगच्या तक्त्यातही फरक पडतो, जेआरएफसह नेटला १०, नेटला ८ आणि सेटला ५ मार्क. माझी सेट झाली होती, नेट दोनदा थोडक्यात हुकली आणि मग कंटाळून सोडली. सोडायला नको होती.

टॉपिक : आधी कागद, मग शीर्षक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

लोक आधी शीर्षक ठरवतात. "अमुक तालुक्याचा सामाजिक, आर्थिक, राजकीय व सांस्कृतिक इतिहास : एक चिकित्सक अभ्यास". आरआरसीपुढे (विषयाला मंजुरी देणारी विद्यापीठाची समिती) बरं दिसतं, पण पुढे चार वर्षं तुम्ही त्या "सांस्कृतिक"चं काय करणार ते देवालाच ठाऊक. उलटं करा. आधी कागदांचा साठा शोधा, तो थोडा उलगडून बघा, त्यात काय परत परत येतंय ते पाहा, मग प्रश्न तयार होतो आणि शीर्षक तर शेवटच्या दिवशीही ठरतं.

महाराष्ट्रात कागदांची कमी नाहीच. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, बहुतेक सगळं मोडीत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले, पण ते निवडक होते, बाकीचं तसंच रुमालांत बांधलेलं आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून, भांडारकर संस्था १९१७ पासून, धुळ्याचं राजवाडे मंडळ, मुंबईचं पुराभिलेखागार, पणजीचं गोवा पुराभिलेखागार (तिथे पोर्तुगीज यावी लागते, हे आधी लक्षात घ्या). शिवाय ज्याला कोणी आर्काइव्ह म्हणत नाही ते : सहकारी कारखान्याचे वार्षिक अहवाल, बाजार समितीची रजिस्टरं, नगरपालिकेची प्रोसिडिंग बुकं, जुन्या वाचनालयाच्या देवघेवीच्या वह्या. यातल्या कितीतरी गोष्टी रद्दीत जायच्या रांगेत आहेत.

मी अठराव्या शतकातल्या पेठा आणि जकात घेतली. मुद्दाम नाही. मोडीच्या वर्गाला बसलो होतो (पुराभिलेख संचालनालय असे वर्ग घेतं, फी फार नसते) आणि सरावासाठी जे कागद मिळाले त्यात जकातीचेच बरेच होते. म्हणजे टॉपिक मला हाताला लागला, मी शोधला नाही.

पहिला रुमाल उघडला तो दिवस सांगतो. रुमाल म्हणजे खरंच कापडाचा चौकोन, गाठ सोडली की आत पुडकी आणि पुडक्यांत कागद. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं, शब्दांमध्ये जागा नाही, कुठे शब्द संपला ते तुम्ही अंदाजाने ठरवायचं. सकाळी साडेदहापासून चारपर्यंत मी साडेतीन ओळी लावल्या. साडेतीन! त्यातही "दाणे" वाचलं होतं ते नंतर "ठाणे" निघालं. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसायचे, रोज येणारे, त्यांनी हळूच माझ्या वहीत डोकावून म्हटलं, "तारीख आधी लावा हो, मग मजकूर आपोआप बोलतो." यापेक्षा उपयोगाचं मला पीएचडीच्या पूर्ण कोर्सवर्कमध्ये (सुरुवातीचे सक्तीचे वर्ग) कोणी सांगितलं नाही.

तर तारीख कशी लावायची. कागदावर इसवी सन नसतो, शुहूर सन (तेव्हाची कारभारातली कालगणना) असतो, तोही आकड्यात नाही तर अरबी शब्दांत. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, झाले ११६१. शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे साल १७६०-६१ पडतं, पानिपताचं साल. चांद्र तिथी "छ" अक्षरापुढे असते, ती जंत्रीत (जुन्या-नव्या तारखांच्या तक्त्यात) बघून इंग्रजी तारखेला लावायची. पहिले दोन महिने हाच उद्योग करा, कंटाळा येईल, येऊ द्या.

आणि टॉपिक पक्का करण्याआधी शोधगंगा बघा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं पोर्टल, तिथे देशभरातले पीएचडीचे प्रबंध असतात. शोधगंगोत्रीवर सिनॉप्सिस (संशोधनाचे आराखडे) असतात, म्हणजे सध्या कोण कशावर काम करतंय ते कळतं. मराठी शीर्षकं तिथे कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, कधी भाषांतर करून टाकलेली असतात, म्हणून एकाच शब्दाने शोधून "या विषयावर काहीच काम झालेलं नाही" असं सिनॉप्सिसमध्ये ठोकून देऊ नका. एका मुलाने दिलं होतं, आणि कमिटीतल्या एका मॅडमनी त्याच विषयावरचा स्वतःच्याच विद्यार्थिनीचा प्रबंध टेबलावर ठेवला.

गाईड

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी. रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून भेटायला जाताना सरांची रिटायरमेंट कधी आहे ते आधी ऑफिसातून काढा, त्यांनाच तोंडावर विचारू नका.

गाईडच्या नावाला भुलू नका, त्यांचे आधीचे विद्यार्थी गाठा. एकच प्रश्न विचारा, "चॅप्टर दिला की किती दिवसांत परत यायचा?" बाकी सगळं त्यात आलं. माझा एक चॅप्टर अकरा महिने गाईडच्या टेबलावर पडून होता, मीही भिडेपोटी विचारलं नाही, आणि परत आला तेव्हा पहिल्या पानावर "ठीक" एवढा शेरा. चूक माझीही होती. आता मी विचारायला येणाऱ्यांना सांगतो, चॅप्टर मेलने पाठवा, पंधरा दिवसांनी "सर, वेळ मिळाला का" असा नम्र मेल, म्हणजे तारखा राहतात. तारखा राहणं हे या सगळ्या करिअरचं अर्धं काम आहे, पुढे कळेलच.

नोंदणी ते सबमिशन

प्रवेश परीक्षा (बऱ्याच ठिकाणी नेट-सेटवाल्यांना सूट), मुलाखत, मग आरआरसी म्हणजे संशोधन व मान्यता समितीपुढे सिनॉप्सिस. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर अजून दोन वर्षं, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही रजा मिळते हे कित्येक मुलींना माहीतच नसतं, त्या नोंदणी सोडून देतात.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट, ५५ टक्के लागतात. नोकरी करणाऱ्यांना पार्टटाइम पीएचडी करता येते, संस्थेची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते. एनओसी मागायला परीक्षांच्या सीझनमध्ये प्राचार्यांकडे जाऊ नका एवढंच सांगतो.

फेलोशिपचं बघा, लाजू नका. बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि सारथी (मराठा-कुणबींसाठी) पुण्यात, महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्तांसाठी) नागपूरला, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याचीच टीआरटीआय, आणि सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआर. पैसे वेळेवर येतीलच असं धरून खोलीभाडं ठरवू नका. मी एक वर्ष घरमालकाला "आलं की देतो" सांगत होतो, फेलोशिपवर नाही, सीएचबीच्या बिलावर, पण गत तीच.

नोंदी कशा ठेवायच्या? प्रत्येक कागदासाठी एक नोंद : दफ्तराचं नाव, रुमाल, पुडकं, कागद क्रमांक, तारीख कागदावर आहे तशी, मग इंग्रजी तारीख, मग मोडीचं लिप्यंतर, आणि सगळ्यात खाली तुमचं मत वेगळ्या शाईत. मत आणि मूळ मजकूर एकाच शाईत लिहिलात तर तीन वर्षांनी पेशव्यांचं वाक्य कुठलं आणि तुमचं कुठलं ते तुम्हालाच कळत नाही, हा विनोद नाही, माझ्या एका तळटीपेत झालंय.

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा, इन्स्क्रिप्ट (मराठीचा प्रमाणित कीबोर्ड) शिका, आठवडा लागतो. माझा प्रबंध डीटीपीवाल्याने जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात लावला होता, दिसायला देखणा, पण कन्व्हर्ट केल्यावर रफार आणि जोडाक्षरं अशी काही उडाली की "सर्व"चं "सव" आणि "वर्ष"चं "वष". सव्वातीनशे पानं हाताने तपासली, बायको वाचायची आणि मी दुरुस्त करायचो. ती कॉमर्सची, पण जकातीवर अजूनही माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

प्लेजरिझमचे (वाङ्मयचौर्याचे) नियम २०१८ चे आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचा, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत संदर्भासह घेतलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे त्यात धरत नाहीत. मराठी प्रबंधाचा आकडा बऱ्याचदा कमी येतो कारण जुळवून बघायला ऑनलाइन मराठी मजकूरच कमी आहे, त्याचा अर्थ चोरी पचली असा घेऊ नका. बाहेरच्या परीक्षकाने मूळ पुस्तक वाचलेलं असतं, कधी कधी लिहिलेलंही असतं.

व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) खुला असतो, कोणीही बसू शकतं. घाबरू नका, तुमच्या प्रबंधाबद्दल त्या खोलीत सगळ्यात जास्त तुम्हालाच माहीत असतं. मला पहिला प्रश्न आला, "जकात किती होती हे सांगितलंत, लोक ती चुकवत कसे होते ते का नाही?" मी म्हटलं, चुकवणारे कागद ठेवत नाहीत सर. हशा झाला, पण तो प्रश्न खरा होता, पुढचे दोन पेपर त्यावरच लिहिले.

पेपर कुठे छापायचा

२०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापणं सक्तीचं राहिलेलं नाही. तरी छापा, पण कुठे ते बघून. यूजीसीने २ मे २०१८ ला आपल्याच यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली होती, त्यावरून बाजार किती सडला होता ते समजा. मग २०१९ ला केअर लिस्ट (यूजीसीची मान्य जर्नलांची नवी यादी) आली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. आता यादी दाखवून सुटता येत नाही, जर्नल चांगलं की वाईट हे तुम्ही आणि तुमच्या संस्थेनेच ठरवायचं.

ओळखायचं कसं? दोन दिवसांत "ॲक्सेप्टेड" आलं, एकाच अंकात केमिस्ट्री, योग आणि संत साहित्य, संपादक मंडळात पन्नास नावं आणि एकाचाही कॉलेजचा मेल नाही, पैशाचा क्यूआर कोड मात्र पहिल्या पानावर, तर पळा. आयएसएसएन नंबर (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) खरा असला म्हणून जर्नल खरं होत नाही, चांगल्या जर्नलचं नाव आणि नंबर चोरून बनावट साइट काढणारेही आहेत. मी स्वतः एकदा १,८०० रुपये भरून असा पेपर छापलाय. आज माझ्या यादीत तो नाही, विचारलं तर कबूल करतो. त्यापेक्षा मराठीतली जुनी नियतकालिकं, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, समाज प्रबोधन पत्रिका, अर्थसंवाद, इथे वेळ लागतो, पण संपादक खरंच वाचतात आणि पत्राने वाभाडे काढतात. ते वाभाडे फुकट मिळालेली शिकवणी समजा.

हिशोब असा : यूजीसीच्या २०१८ च्या गुणांच्या तक्त्यात भाषा-मानव्य शाखेला एका पेपरचे १० गुण, दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के. पुस्तकातल्या एका चॅप्टरला ५, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०. आणि एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, भाषांतरालाही गुण आहेत, चॅप्टर किंवा पेपरला ३ आणि पुस्तकाला ८. मराठीवाल्यांनो, हे तुमच्यासाठीच आहे.

नोकरी लागेपर्यंत आणि लागल्यावर : फाईल

सीएचबीवर असताना प्रत्येक वर्षीची नेमणूक ऑर्डर, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, अनुभवाचा दाखला हे त्याच वर्षी घ्या. पाच वर्षांनी मागायला गेलात तर प्राचार्य बदललेले, क्लार्क रिटायर, आणि नवा माणूस म्हणतो "तुमचं नाव मस्टरला दिसत नाही."

कायम झालात की लेव्हल १० ला (असिस्टंट प्रोफेसरची पहिली वेतनश्रेणी) ५७,७०० मूळ वेतनावर सुरुवात. तिथून ११ ला जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल असेल तर ५, काहीच नसेल तर ६. सोबत २१ दिवसांचा ओरिएंटेशन आणि एखादा रिफ्रेशर किंवा तत्सम कोर्स. पुढे असोसिएट म्हणजे १३ए ला पीएचडीशिवाय गाडी जात नाही, तिथलं मूळ वेतन १,३१,४००, म्हणजे पीएचडीचा आळस किती रुपयांचा ते तुम्हीच मोजा.

माझी पहिली कॅसची (बढती योजनेची) फाईल परत आली होती. कारण? एका कोर्सच्या सर्टिफिकेटवर "पासून" तारीख होती, "पर्यंत" नव्हती. सात महिने गेले. तेव्हापासून घरात एक निळी बॉक्स फाईल आहे, कागद हातात आला की त्याच दिवशी स्कॅन, फाईलला नाव द्यायचं ते वर्ष-महिना-विषय असं, आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या खिशात. दरवर्षीचा स्वयंमूल्यमापन अहवाल भरून त्यावर पोहोच घ्यायची. विद्वान पोर्टल आणि ऑर्किड (संशोधकांच्या नोंदीच्या साइट) यांवरचं प्रोफाइल दर दिवाळीच्या सुट्टीत अपडेट. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हटल्यावर सगळं कॉलेज रात्री दहापर्यंत कागद शोधत असतं, तेव्हा मी घरी जेवत असतो, हे जरा अहंकाराने सांगतोय.

आणि मग तुमच्याकडे कोणीतरी येतं

असिस्टंट प्रोफेसरला गाईड व्हायला स्वतःची पीएचडी आणि चांगल्या जर्नलमधले किमान तीन पेपर लागतात. ते झाल्यावर अर्ज करा, थांबू नका, तालुक्याच्या गावात गाईड मिळाला तर मुलींना फार फरक पडतो, रोज शहरात पाठवायला घरचे तयार नसतात.

माझ्याकडे यंदा पहिली विद्यार्थिनी आलीय. तिनेही तोच प्रश्न विचारला आणि मीही तोच विचारला. चार दिवसांनी तिने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्यांच्या गावच्या बाजार समितीच्या गोडाऊनमध्ये हळदीच्या पोत्यांमागे रचलेली कापडी बांधणीची रजिस्टरं, वरच्यावर उंदराने कोपरा खाल्लेला. "सर, हे चालेल का? मी उद्यापासून फोटो काढायला सुरुवात करू?"

मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, धावेल. पण हात लावायच्या आधी सचिवांना अर्ज दे, दोन प्रती घेऊन जा, आणि एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊनच बाहेर ये.